ओसरीत बसा, माजघरात नको!

रविवार सकाळ. साडेनऊ. कढईत पोहे, बाबा पेपरात, मी बर्म्युडात. म्हणजे एकदम परफेक्ट सेटिंग. आणि बेल वाजली.

दारात दोघं जण. साध्या कपड्यातले, पण उभं राहण्याच्या स्टाइलवरून कळतंच ना राव! त्यातल्या एकाने माझं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. माझं नाव असं शेवटचं घेतलं गेलं होतं ते दहावीच्या हॉल तिकिटावर.

"इंटरनेटचं कनेक्शन तुमच्याच नावावर ना?"

"हो..."

"मग जरा बसून बोलू."

आईने सवयीने विचारलं, "पोहे घेणार ना?" त्यांनी चहावर भागवलं. माझे पोहे मात्र त्या दिवशी घशाखाली उतरले नाहीत.

मॅटर असा होता. शेजारच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या नावाने कोणीतरी खोटं प्रोफाइल काढलं होतं. फोटो तिचेच, कुठून कुठून उचललेले. त्या प्रोफाइलवरून तिच्या मैत्रिणींना, क्लासच्या सरांना, अगदी तिच्या मामालासुद्धा घाणेरडे मेसेज जात होते. मुलीने कॉलेजला जाणं बंद केलं होतं. आणि हे प्रोफाइल तीन रात्री ज्या आयपी अॅड्रेसवरून चालवलं गेलं, तो अॅड्रेस इंटरनेट कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणे होता... आमच्या घरचा.

बाबांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. एक सेकंद, फक्त एकच सेकंद, त्यांच्या नजरेत प्रश्न होता. तो सेकंद मी अजून विसरलेलो नाही.

मग आईच बोलली. "अहो, पण त्यातल्या दोन रात्री आम्ही सांगलीला होतो! भाचीच्या लग्नाला. घराला कुलूप होतं."

दोघांतले वयाने मोठे होते ते हसले. वाईट नाही, थकलेलं हसू. म्हणाले, "ताई, घराला कुलूप होतं. वायफायला नव्हतं."

सानपाडा आठवतं का?

आम्ही नेरूळचे. चहा पिता पिता तेच मला म्हणाले, "तुमच्यापासून दोन स्टेशनं. सानपाडा. २००८ सालचं आठवतंय का?"

मला अंधुक आठवत होतं. त्या रात्री नीट वाचून काढलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेल्सना जबाबदारी घेणारा एक ई-मेल पोहोचला होता. माग काढत पोलीस आले ते सानपाड्यात, एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर. त्या माणसाचा त्या मेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, इतकंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असाच मेल माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधल्या एका ऑफिसच्या वायफायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांवर वेळ आली ती लॅपटॉप घेऊन रस्त्यारस्त्यावर उघडी वायफाय शोधत फिरण्याची!

आज पूर्ण उघडं वायफाय घरांमध्ये क्वचितच सापडतं. राउटर येतो तोच पासवर्ड घेऊन. म्हणून आपण निर्धास्त. "आपल्याला पासवर्ड आहे ना, बस झालं." मीसुद्धा याच कॅटेगरीतला.

तर पुढची स्टोरी. माझा जबाब झाला. फोन आणि लॅपटॉप पंचनामा करून तपासणीसाठी गेले. आणि लॅपटॉप होता ऑफिसचा! सोमवारी मॅनेजरला सांगताना माझी काय वाट लागली असेल, इमॅजिन करा. "सर, माझा लॅपटॉप पोलिसांकडे आहे." हे वाक्य तुम्ही कितीही कॅज्युअली म्हणा, ते कॅज्युअल वाटत नाही. एचआरवाली बाई गोड बोलली. पण लिफ्टमध्ये तीन कलीग अचानक मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले. प्रोजेक्ट "तात्पुरता" दुसऱ्याकडे गेला. लॅपटॉप परत यायला तीन आठवडे लागले. प्रोजेक्ट परत आलाच नाही.

सहा आपले, बाकी कोणाचे?

त्याच संध्याकाळी मी आमच्या नेटवर्कवाल्याला फोन केला. हा माझा कॉलेजचा मित्र. लोकांच्या ऑफिसांची नेटवर्क्स बांधतो. आला, बसला, राउटर उलटा केला, खालचा स्टिकर वाचला आणि बाबांच्या फोनवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ असा नंबर टाकला. (तुमच्याकडे कदाचित १९२.१६८.०.१ असेल. स्टिकरवर लिहिलेलं असतं.) युजरनेम अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. दरवाजा उघडला.

"अरे, तू हा कधी बदललाच नाहीस?"

"कुठला? वायफायचा पासवर्ड तर बदललाय ना."

त्याने कपाळावर हात मारला. मंडळी, इथे पहिला फंडा क्लिअर करून घ्या. राउटरला दोन कुलपं असतात. एक वायफायचं, जे पाहुण्यांना आपण सांगतो. दुसरं राउटरच्या सेटिंग्जचं. आत शिरलेला कोणीही या दुसऱ्या दारातून जाऊन तुमचा पासवर्ड वाचू शकतो, बदलू शकतो, तुम्ही बँकेचा पत्ता टाकल्यावर तुम्हाला भलत्याच साइटवर नेऊन सोडण्याची सोय करू शकतो. आणि हे दुसरं कुलूप बहुतेक घरांत कंपनीतून आलं तसंच असतं.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमकं एवढंच केलं. इंटरनेटवर फिरायचं, राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे शोधायचे आणि साठेक फॅक्टरी पासवर्डांची यादी एकेक करून लावून बघायची. लाखो यंत्रं हाताशी आली. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला असा हल्ला झाला, की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत कित्येक तास धड चालेनात. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्या बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. मूळ व्हायरस लिहिणारे कोण निघाले? विशी-एकविशीतली तीन अमेरिकन पोरं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

असो. नेटवर्कवाल्याने जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. माझा फोन, माझा लॅपटॉप, आईचा फोन, बाबांचा फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा. झाले सहा. दोन गोष्टी पोलिसांकडे होत्या, म्हणजे दिसायला हवेत चार. यादीत होते अकरा!

मग सुरू झाली आईची उलटतपासणी.

"वरच्या काकूंच्या नातवाला दिला होता, लॉकडाऊनमध्ये. ऑनलाइन शाळा होती ना त्याची. मावशींना दिला, त्यांचं नेट दुपारी संपतं. वॉचमनला दिला. भिशीच्या दिवशी सगळ्यांनीच घेतला. अरे, दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणतो का आपण?"

आता यावर काय बोलणार?

"आणि पासवर्ड काय ठेवलाय?" मित्राने विचारलं.

"बाबांचा मोबाइल नंबर. सगळ्यांच्या लक्षात राहतो."

बाबा सोसायटीचे खजिनदार आहेत. त्यांचा मोबाइल नंबर खाली नोटीस बोर्डावर रंगवलेला आहे. आणि वायफायचं नाव काय? आमचं आडनाव आणि फ्लॅट नंबर.

म्हणजे आम्ही नुसता दरवाजा उघडा ठेवला नव्हता. दारावर पाटी लावली होती आणि किल्ली खाली बोर्डाला अडकवली होती. सॉल्लिड ना?

एका पिक्चरच्या वेळात

"समजा, नंबर बोर्डावर नसता तर?" मी आपला बचाव करून पाहिला.

मित्राने पेपरच्या कडेलाच हिशोब मांडला. मोबाइल नंबर दहा आकडी. भारतात सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. ऐकायला प्रचंड. पण फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि फोन यांच्यात एक हँडशेक होतो, आणि जवळपास बसलेल्याला तो हवेतून पकडता येतो. घरी जाऊन, आरामात, आपल्या कॉम्प्युटरवर तो एकेक पासवर्ड लावून पाहतो. राउटरला खबर नाही, तुम्हाला खबर नाही. गेम खेळण्याचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पाच लाख अंदाज लावतं असं धरलं, तरी चारशे कोटींना आठ हजार सेकंद. सव्वादोन तास. एक हिंदी पिक्चर, इंटरव्हलसकट!

ही नुसती थिअरी नाही. २०२१ मध्ये एका इस्रायली सिक्युरिटी रिसर्चरने तेल अवीवमध्ये फिरून पाच हजार वायफाय नेटवर्क्सचा असा डेटा गोळा केला आणि त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त फोडून दाखवली. कारण? तिथेही लोक पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवतात. म्हणजे आपण एकटेच नाही. आळस ग्लोबल आहे.

मग ठेवायचा काय? वायफायचा पासवर्ड कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा चालतो. आठवर थांबू नका. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत लिहा. कांदा, रिक्षा, छत्री, पोपट, मग मध्येच एखादा आकडा. लक्षात राहतो, फोनवर सांगता येतो आणि अंदाजाने सापडता सापडत नाही. (कांदा-रिक्षा-छत्री-पोपट आता छापून आलंय, तेव्हा तुमचं तुम्ही शोधा!) बायकोचं नाव आणि १२३, गाडीचा नंबर, "साईराम" आणि जन्मसाल... यातलं काहीही नको. हे सगळे अंदाज लावणाऱ्याच्या यादीत पहिल्या पानावर असतात.

कुलूप कुठल्या कंपनीचं?

पुढचा मुद्दा कुलपाच्या जातीचा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी नावाच्या खान्यात तीन-चार अक्षरांची नावं दिसतात. बोअर होऊ नका, दोन मिनिटांत संपवतो.

डब्ल्यूईपी : हे वायफायचं पहिलं कुलूप, १९९७ चं. २००१ मध्येच गणितज्ञांनी त्यातली खोट उघड केली आणि २००५ मध्ये अमेरिकेत एफबीआयच्या लोकांनी ते सगळ्यांसमोर तीन मिनिटांत उघडून दाखवलं. त्याच सुमाराला तिथल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीच्या एका स्टोअरचं असंच वायफाय चोरट्यांना सापडलं आणि साडेचार कोटींहून जास्त कार्डांचे नंबर गेले. तुमच्या राउटरवर अजून हे असेल तर तो राउटर भंगारवाल्याला द्या, विचारही करू नका.

डब्ल्यूपीए : २००३ ची तात्पुरती मलमपट्टी. हेही नको.

डब्ल्यूपीए-टू : २००४ पासूनचं. पासवर्ड दमदार असेल तर घरासाठी आजही चालतं.

डब्ल्यूपीए-थ्री : २०१८ चं. यात हँडशेक पकडून घरी नेण्याची ती ट्रिक चालत नाही. प्रत्येक अंदाज राउटरच्या दारात उभं राहूनच लावावा लागतो. राउटर नवा असेल तर हेच निवडा. घरात जुना फोन, जुना टीव्ही असेल तर टू आणि थ्री एकत्र असलेला पर्याय असतो, तो घ्या.

आता डब्ल्यूपीएस. राउटरवरचं ते बटण, दाबलं की पासवर्ड न टाकता फोन जोडला जातो. सोय झकास. पण त्याच्यासोबत आठ आकडी पिनचीही पद्धत येते. डिसेंबर २०११ मध्ये एका ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं, की राउटर हा पिन अर्धा अर्धा तपासतो. पहिले चार आकडे वेगळे, पुढचे तीन वेगळे आणि शेवटचा तर नुसता बेरजेचा. म्हणजे दहा कोटींऐवजी फक्त अकरा हजार प्रयत्न. नंतरच्या बऱ्याच राउटर्समध्ये चुकलेल्या प्रयत्नांना लगाम घातलाय. पण आपल्याला ते वर्षातून कितीदा लागतं? बंद करून टाका.

हे केलं तरी उपयोग नाही

ऑफिसमध्ये कोणीतरी तुम्हाला दोन टिप्स हमखास देणार. एक, "वायफायचं नाव लपवून ठेव." दोन, "फक्त आपल्याच फोनचे नंबर राउटरला भरून दे, मॅक फिल्टरिंग कर."

पहिल्याने शेजारी फसेल, जाणकार फसणार नाही. उलट नाव लपवलंत की तुमचा फोन जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो. दुसऱ्यात मजा अशी, की मॅक अॅड्रेस हवेत उघडाच उडत असतो आणि तो कॉपी करणं सोपं. शिवाय आजकालचे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळाच मॅक अॅड्रेस दाखवतात, त्यामुळे डोक्याला शॉट तुम्हालाच. यात घालवायचा वेळ पासवर्डला द्या.

आणि हो, उगाच पॅनिकही होऊ नका. वायफायवर कोणी घुसलं म्हणजे तुमचा बँकेचा पासवर्ड लगेच त्याच्या स्क्रीनवर दिसतो असं नाही. बँका आणि बहुतेक सगळ्या साइट्स आता स्वतःचं एन्क्रिप्शन लावतात. त्याला फार तर कुठल्या साइटवर गेलात ते कळेल. धोका दोन ठिकाणी आहे. एक, घरातला कॅमेरा, टीव्ही, जुना लॅपटॉप अशी बिनअपडेटची मंडळी, ज्यांच्याशी तो आता एकाच खोलीत बसलाय. दोन, त्याने तुमच्या कनेक्शनवरून जे केलं, त्याच्या पावतीवर नाव तुमचं. कायदा त्याच्या बाजूने नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत बसतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पोलीस आधी बेल वाजवणार ती तुमची.

आजीचा वाडा

सगळं ऐकून आई गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आता कोणालाच द्यायचं नाही? वरच्या काकूंनी मागितला तर तोंडावर नाही म्हणू?"

मित्र म्हणाला, "काकू, तुमच्या माहेरी वाडा होता ना? बाहेरचं माणूस आलं की कुठे बसायचं?"

"ओसरीवर."

"आणि माजघरात?"

"घरचे. फार तर जवळचे."

"आणि देवघरात?"

"आई एकटी. सोवळ्यात."

"बस्स. तेवढंच करायचंय."

भारी ना? गेस्ट नेटवर्क म्हणजे ओसरी. आजकालच्या बहुतेक राउटर्समध्ये हा पर्याय असतो. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. पाहुणा इंटरनेट वापरतो, पण आपल्या लॅपटॉपपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. टीव्ही, कॅमेरा, तो बोलणारा स्पीकर हेही ओसरीवरच बसवा. कंपनी त्यांना अपडेट देणं कधी थांबवेल याचा नेम नाही. (मात्र फोनवरून टीव्हीवर पिक्चर टाकायचा असेल तर दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, हे लक्षात असू द्या.) मुख्य नेटवर्क म्हणजे माजघर. आपले फोन, ऑफिसचा लॅपटॉप, बस. आणि राउटरच्या सेटिंग्जचं पान म्हणजे देवघर. त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे आणि एक कॉपी कपाटात, वहीत. होय, कागदावर. सायबर चोर कपाट उघडत नाही.

पण एक गोष्ट मित्राने दोनदा बजावली. "गेस्ट नेटवर्कवरून कोणी लफडं केलं तरी आयपी तुझाच दिसणार. ओसरीवर बसवलं म्हणून कोणालाही बसवायचं नाही. आणि ओसरीची किल्ली दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची."

अर्ध्या तासाचं काम

पुढच्या रविवारी, पोह्यांनंतर, एवढं उरकून टाका.

१. राउटरच्या पानावर जा, अॅडमिनचा पासवर्ड बदला. सगळ्यात आधी हेच.

२. वायफायचं नाव बदला. आडनाव नको, फ्लॅट नंबर नको, राउटरचं मॉडेल नको.

३. सिक्युरिटी डब्ल्यूपीए-थ्री, नाहीतर डब्ल्यूपीए-टू. पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा. तो बदलला की सगळेच बाहेर पडतात, मग आपल्यांना एकेक करून आत घ्या.

४. डब्ल्यूपीएस बंद. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद.

५. फर्मवेअर अपडेट तपासा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-टूमध्येच क्रॅक नावाची खोट सापडली होती. ज्यांनी फोन आणि राउटर अपडेट केले त्यांचं काही बिघडलं नाही. अपडेट येणंच बंद झालेला राउटर बदला.

६. गेस्ट नेटवर्क सुरू करा.

७. महिन्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी बघा आणि मोजा. दूधवाल्याच्या हिशोबासारखं.

८. चार दिवस गावाला जाताय आणि कॅमेरा वगैरे नाहीये? गॅससोबत राउटरही बंद करा.

एवढं केलं म्हणजे तुमचं घर किल्ला झालं असं नाही. पण चोर कुठल्या दारावर जातो? जिथे कडी नुसती लोटलेली असते त्या. तुमची कडी लागली की तो पुढे जातो. नॉर्मल माणसाला एवढं पुरे आहे. आणि तरीही काही झालंच, तर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

हॅकर कसा दिसतो?

आमच्या प्रकरणातला सापडला. त्या प्रोफाइलला जोडलेल्या मोबाइल नंबरवरून पोहोचले पोलीस. तो काही काळा हूड घातलेला, हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनसमोर बसलेला परदेशी जीनियस नव्हता. आमच्याच बी विंगमधला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगा. त्या मुलीने त्याला नाही म्हटलं होतं. दिवाळीत आमच्याकडे फराळाला आला होता. आईच्या चकल्या आवडतात त्याला.

आईने त्याला पासवर्ड कधीच दिला नव्हता. त्याने फक्त नोटीस बोर्ड वाचला होता.

त्याची आई एकदा येऊन बसून गेली. फार काही बोलली नाही. माझ्या आईनेही विचारलं नाही. दोघींनी चहा घेतला, एवढंच.

त्या मुलीचं नाव आम्हाला सांगितलेलं नाही, आणि ते बरंच आहे. माझा गेला तो एक प्रोजेक्ट. तिचं काय काय गेलं याचा हिशोब कुठल्या पंचनाम्यात नाही. आई मात्र अजून मध्येच, भाजी निवडता निवडता विचारते, "ती जायला लागली असेल का रे कॉलेजला?" मी म्हणतो, असेल. दुसरं काय म्हणणार?

आता आमच्या घरात दोन नेटवर्क्स आहेत. माजघराचा पासवर्ड मला आणि बाबांना माहीत आहे. आईने मुद्दामच घेतला नाही, "माझ्या तोंडातून जायचा" म्हणून. तिचा फोन मी जोडून दिलाय. ओसरीचा पासवर्ड मात्र तिच्याच ताब्यात, फ्रिजवर चुंबकाखाली.

परवा वरच्या काकूंचा नातू आला. "आजी, वायफाय?"

आईने आधी चष्म्यातून त्याला नीट न्याहाळलं. "कशाला हवंय?"

"प्रोजेक्ट आहे शाळेचा."

"बस मग ओसरीत. इथे, माझ्यासमोर." आणि त्याच्यापुढे लाडवाची ताटली सरकवली.

इतकं कडक मॉनिटरिंग आमच्या ऑफिसातही नाही, बॉस!